शिष्यवृत्ती आधी गावच्या वेशीत शोध

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे दात-हिरड्यांची निगा राखण्याच्या, पदविकेला तुझा प्रवेश झाल्याचं कळलं तेव्हा मी ओपीडीत होते. हातातला पेशंट संपवून आधी तुझ्या आईला फोन लावला. ती आनंदात होती, पण बोलता बोलता गप्प झाली. दोन वर्षांची फी, खोलीभाडं, मेस, ॲप्रन, उपकरणं. सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं असणार. तू म्हणतेस, चार रात्री मोबाईलवर 'डेंटल हायजिनिस्ट शिष्यवृत्ती' शोधलीस आणि हाताला काही लागलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. आपल्या अभ्यासक्रमाच्या नावाने पैसे देणारे क्वचितच भेटतात. पैसे ठेवलेले असतात ते वेगळ्याच नावांखाली: कुणाची मुलगी, कुठल्या गावची, कुठल्या समाजाची, कुठल्या संस्थेच्या सभासदाची. तेव्हा तू काय शिकणार आहेस ते जरा बाजूला ठेव आणि तू कोण आहेस याची यादी कर.

त्या यादीत पहिले तुझे वडील. ते गवंडीकाम करतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का, हे आज रात्रीच विचार. मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शासनमान्य पदविकेसाठी वर्षाला 20 हजार रुपये देण्याची मंडळाची योजना आहे. तू तर थोरली. पुष्कळांचं होतं काय, नोंदणी एकदा करतात आणि नूतनीकरण राहून जातं, मग नेमका अर्ज करायच्या वेळी कार्ड बंद पडलेलं निघतं. वडिलांचं कार्ड हातात घेऊन तारीख स्वतः वाच.

मग आई. ती पतसंस्थेची सभासद आहे, हे तू मला सांगितलंसही नाहीस, कारण त्याचा शिक्षणाशी काय संबंध असं तुला वाटलं. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि सभासदांच्या पाल्यांचा गुणगौरव अनेक संस्था त्याच सभेत करतात. त्याची नोटीस आधी काही दिवस फळ्यावर लागते आणि तशीच निघून जाते. पाकिटात हजार-दोन हजार असतील. ते कमी समजू नकोस. माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं अशाच दोन पाकिटांतून आली होती, आणि ती पुस्तकं पुढे माझ्यामागून आलेल्या तिघींनी वापरली.

तुमच्या पाटण भागातल्या माणसांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. गिरणीच्या काळात गावकरी एका खोलीत वीस-वीस जण राहायचे, तिथून उभी राहिलेली ही मंडळं. शाळेला फळा, देवळाला पत्रा, मयताला गाडी, सगळं त्यांनी केलेलं आहे. गणपतीला ती माणसं गावी येतात. तेव्हा वडिलांना बरोबर घेऊन अध्यक्षांना भेट, अर्ज हातात दे. फोनवर मागू नकोस. गावातली मुलगी समोर उभी असली की माणूस ऐकून घेतो. समाजाच्या मंडळाचंही असंच. तालुक्याला तुमच्या समाजाचं वसतिगृह किंवा ट्रस्ट आहे का, हे आजोबांना विचार. त्यांना माहीत असतं.

जिल्हा परिषदेच्या दारातही जाऊन ये. तिला स्वतःच्या उत्पन्नातून, ज्याला सेस फंड म्हणतात, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात. त्यातून कुठल्या योजना घ्यायच्या हे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं. पंचायत समितीत जाऊन 'सेस फंडातून मुलींच्या शिक्षणाला यंदा काय आहे' असंच विचार. नुसतं 'शिष्यवृत्ती' म्हणालीस तर तुला संगणकाकडे पाठवतील. आणि वर्गात कुणी पुणे शहरातली मैत्रीण असेल तर तिला सांग, बारावीला 80 टक्के असतील तर पुणे महापालिका तिथल्या रहिवाशांना 25 हजार रुपये अर्थसहाय्य देते. ते तुला मिळणार नाही, पण तिचं चुकू नये.

महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल, त्याबद्दल कॉलेजात सगळेच सांगतील, म्हणून थोडक्यात. तुझं कॉलेज आणि तुझा अभ्यासक्रम, दोन्ही नावं पोर्टलच्या यादीत दिसतात का, हे शिष्यवृत्ती पाहणाऱ्या क्लार्कला पहिल्या आठवड्यात विचार. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेला लागतो. तुझा तसा झाला आहे का, तेही त्यांच्याकडूनच लेखी घे. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्याजेवणाला पैसे देणाऱ्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेची चौकशी कर. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. पुण्यात राहायचं ठरलं तर विद्यार्थी सहायक समितीचा अर्ज आण. 1955 पासून ती खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करते आहे. राहण्याजेवणाचा खर्च अनेकदा फीपेक्षा जास्त होतो.

तुझ्या भावाचा मित्र सहा महिन्यांच्या 'डेंटल असिस्टंट' कोर्सचं सुचवत होता ना, त्या वाटेला जाऊ नकोस. हायजिनिस्टची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेत होते, 1948 च्या कायद्यापासून. मान्यता नसलेल्या कोर्सला ना ती नोंदणी, ना कुठली शिष्यवृत्ती.

आता अर्जाविषयी. इथे मला खरंच तुझा वेळ हवा आहे. ट्रस्टच्या बैठकीत बसलेल्या चार वडीलधाऱ्यांना हायजिनिस्ट म्हणजे कोण हे बहुधा ठाऊक नसतं. 'मौखिक आरोग्य क्षेत्रात करिअर' असं लिहिलंस तर कागद खाली जाईल. तू तुझ्या आजीचं लिही. ती पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावते, हिरड्या दुखतात म्हणून आणखी लावते, कारण तेवढ्यापुरतं बधिर होतं. दात हलायला लागले तरी दवाखान्यात जात नाही. लिही की मी दातांवरचं कीटण काढायला शिकणार आहे, हिरड्या कशा जपायच्या हे शाळेतल्या मुलांना आणि गावातल्या बायकांना दाखवणार आहे, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर त्या बाईला वेळेत डॉक्टरांपुढे बसवणार आहे. मिश्री आणि तंबाखू त्यांच्याही घरात आहे. त्यांना लगेच कळेल.

पुढे रक्कम स्पष्ट लिही. 'यथाशक्ती मदत व्हावी' असं नको. फी किती, भरायची शेवटची तारीख काय, दुसरीकडून किती मिळालं, किती कमी पडतात. दुसरीकडून मिळालेलं लपवू नकोस. काही योजना एकमेकींबरोबर चालत नाहीत, ते आधीच विचारून घे. रोख रक्कम द्यायला कुणी कचरत असेल तर उपकरणांची यादी दे: माउथ मिरर, प्रोब, स्केलर. तालुक्याच्या गावातल्या दंतवैद्यांनाही हीच यादी दाखव.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, हे कॅलेंडरवर लिहून ठेव. नावंही तपास. रेशनकार्डावर आमचं आडनाव ऱ्हस्व होतं आणि गुणपत्रिकेवर दीर्घ. तेवढ्यावरून एका कचेरीतून माझा अर्ज परत आला, आणि दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली. त्या वर्षी वडिलांनी म्हैस विकली. तुझे सगळे कागद आईबरोबर बसून एकदा अक्षर न् अक्षर वाच.

पहिला अर्ज लिहिलास की कुठेही देण्याआधी फोटो काढून मला पाठव. मी रात्री नऊनंतर मोकळी असते. बोनाफाईडच्या एकदम पाच प्रती मागून घे, आणि पतसंस्थेच्या फळ्याकडे उद्या आईला पाठव.

तुझी,
ताई