फिल्टर धुतलेलं पाणी परत प्लांटमध्ये घेतलं तर जंतू वाढतात का? क्लोरीन असताना भीती कशाची?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि २०१९ चा उन्हाळा आठवला. हेच वाक्य साहेबांनी मला अख्ख्या शिफ्टसमोर ऐकवलं होतं.

नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाने तळ गाठला होता, जुलैत शहरात दिवसाआड नळ सुरू झाले. मी शहराबाहेरच्या एका २४ एमएलडी (रोज २४० लाख लिटर) प्लांटवर केमिस्ट. चार फिल्टर, एका बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुवायला) साधारण ३ लाख लिटर, म्हणजे रोजचं १२ लाख, ५ टक्के पाणी नाल्यात. टंचाईत ते वाचवायला कोण नाही म्हणेल? मीही म्हटलं नाही. भांडण झालं ते पाइपावरून.

बॅकवॉशचं पाणी जमतं तो सम्प, म्हणजे हौद, फिल्टर हाउसला लागून, आणि कच्च्या पाण्यात तुरटी मिसळणारा फ्लॅश मिक्सर दोनशे फूट लांब. साहेबांनी पाइप वाचवला आणि ते पाणी क्लॅरिफायरनंतरच्या, म्हणजे निवळलेलं पाणी फिल्टरकडे नेणाऱ्या चॅनलमध्येच सोडलं. फिल्टरने दिवसभर धरलेली घाण, ना तुरटी ना निवळणं, पुन्हा त्याच फिल्टरांच्या डोक्यावर! त्यात पंप मोठा, अर्ध्या तासात सम्प रिकामा. तासाला १० लाख लिटर चालणाऱ्या प्लांटमध्ये ६ लाखांच्या वेगाने गढूळ पाणी. ऑपरेटर धावत आला, "सर, चॅनल चहावानी दिसून राहिलं." फिल्टरनंतरची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, ०.४ वरून १.६ एनटीयू (गढूळपणाचं एकक).

साहेबांनी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातला ५ चा आकडा दाखवला. (तो दुसरा स्रोतच नसेल तेव्हाचा, एरवी १.) मग कोलिफॉर्म या जिवाणूंचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. शून्य. "क्लोरीन आहे ना? मग कायले टेन्शन घेऊन राहिले?"

शून्यच येणार. कोलिफॉर्म क्लोरीनने मरतात. पण जुलाब करणारा एक परजीवी आहे, क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो). त्याची ऊसिस्ट, म्हणजे जाड कवचातलं रूप, आपण टाकतो तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही. जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची ती गोळी. तुरटीच्या गाठीत अडकली तर खाली बसते, नाहीतर फिल्टरच्या वाळूत अडकते. अडकली म्हणजे मेली असं नाही. फिल्टर धुतला की दिवसभराचा माल एकगठ्ठा सम्पात. म्हणजे जो जंतू क्लोरीनने मरत नाही तोच या पाण्यात दाटीने असतो, आणि मरणाऱ्या जंतूचा रिपोर्ट दाखवून मला गप्प बसवलं जात होतं.

अमेरिकेत मिलवॉकीला १९९३ मध्ये क्रिप्टोने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. पाणी त्या वेळच्या मानकांत बसत होतं. तिथेही बॅकवॉशचं पाणी परत फिरवत असत. दोष एकट्या त्याचा नव्हता, पण २००१ मध्ये त्यांनी नियमच केला की असं पाणी प्लांटच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलंच पाहिजे.

तर तुमचं उत्तर: घ्या परत, पण तुरटी पडते त्याच्या आधी. आधी सम्पात निवळू द्या, गाळ वेगळा काढा, वरचं पाणी ५ एनटीयूच्या आत आलं की लहान पंपाने हळूहळू, कच्च्या पाण्याच्या १० टक्क्यांपेक्षा कमी. आमच्याकडे एका फिल्टरचं पाणी तीन तासांत परतायला हवं होतं, अर्ध्या तासात नव्हे. मोठा पंप एकदम सोडला की सकाळच्या जार टेस्टने (भांड्यांत वेगवेगळी तुरटी टाकून बघून) ठरवलेला तुरटीचा डोस चुकतोच. आणि नुकताच धुतलेला फिल्टर पहिली पंधरा-वीस मिनिटं घाण नीट धरत नाही, ते पाणी टाकीत घेऊ नका. यूव्ही (अतिनील किरणांचे दिवे) परवडत असेल तर बसवा, क्रिप्टो त्याने निकामी होतो.

आता हेही सांगतो, आमच्याकडे ऊसिस्ट कुणी मोजल्या नव्हत्या. त्यामुळे कुणी आजारी पडलं असं मी म्हणू शकत नाही, तेव्हाही म्हटलं नव्हतं. बोअरच्या पाण्यातलं नुसतं लोह काढणारा प्लांट असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पाइप फ्लॅश मिक्सरपर्यंत नेला. फाइलवर कारण लिहिलंय, "देखभालीच्या सोयीसाठी". त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.