सोयाबीनमध्ये 2 वेळा तणनाशक मारूनही तण मरत नाही, काही पिवळं पडून परत फुटलं आणि काही हललंच नाही, पुढच्या वेळी डोस वाढवू का?

डोस वाढवू नका भाऊ, आधी शेतात जाऊन जे तण जगलंय ते नीट बघा, उत्तर तिथेच मिळतं.

पट्टाच्या पट्टा हिरवा राहिला असेल तर औषध तिथे पोचलंच नाही. नोझल तुंबलं किंवा झिजलं असेल, नाहीतर चालायचा वेग कमीजास्त झाला असेल. तुम्ही लिहिलंय तसं काही तण पिवळं पडून परत फुटलं असेल तर बहुतेक उशीर झाला. उगवणीनंतरची बरीचशी तणनाशकं तण 2 ते 4 पानांवर असताना मारायची असतात, पण आपण काय करतो, अजून थोडं निघू दे मग एकदाच मारू म्हणून थांबतो, मग पाऊस लागतो, वापसा येत नाही (शेतात शिरण्याइतकी माती सुकत नाही) आणि तोवर तण वीतभर होतं. तेव्हा नुसता शेंडा जळतो आणि खालून फुटवे येतात.

आता तिसरा प्रकार, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. एकाच जातीची, एकाच उंचीची 2 झाडं शेजारी शेजारी, एक वाळलंय आणि दुसरं अगदी ताजंतवानं. तुम्ही म्हणताय ना काही तण हललंच नाही, ते असं दिसत असेल तर त्या तणात प्रतिकारशक्ती तयार झाली असायची शक्यता आहे. मी स्वतः इथेच चुकलो होतो. एक वर्ष इमॅझेथापायर, पुढच्या वर्षी क्लोरीम्युरॉन, आणि मला वाटायचं मी औषध बदलतोय. पण ही दोन्ही तणाच्या एकाच एन्झाइमवर काम करतात, गट एकच. तसंच क्विझालोफॉप आणि प्रोपाक्विझाफॉपचं, दोन्ही फक्त गवतवर्गीय तणांवर आणि दोन्ही एकाच गटातली. डब्यावर ब्रँडचं नाव मोठं आणि घटकाचं बारीक छापलेलं असतं, ते बारीक वाचायचं. गटच बदलायचा असेल तर रुंद पानाच्या तणांना फोमेसाफेन हा वेगळा गट आहे. ते पानावर पडेल तेवढंच काम करतं म्हणून तण लहान हवं आणि पानं नीट भिजायला हवीत. सोयाबीनची पानंही थोडी करपल्यासारखी होतात, घाबरू नका, नवीन पानं चांगली येतात.

सुरुवात मात्र पेरणीपासूनच करा. पेरल्यावर 2 दिवसांच्या आत, जमिनीत ओल असताना पेंडिमेथॅलिनसारखं उगवणपूर्व तणनाशक मारलं की पहिली लाट बरीच दबते. कोरड्या मातीवर मारून फायदा नाही.

आणि पंपाचा हिशोब एकदा कराच, कारण "पंपाला इतकं" या मापानेच बरेच लोक फसतात, डोस एकरी असतो. 10 बाय 10 मीटर जागा आखा, नेहमीच्या चालीने साधं पाणी फवारा, किती लिटर लागलं ते मोजा आणि 40 ने गुणा. समजा 4 लिटर लागलं तर एकरी 160 लिटर, म्हणजे 15 लिटरचे साधारण साडेदहा पंप. एकरी डोस 400 मिली असेल तर पंपाला 37-38 मिली बसतं. तुमचे एकराला 6च पंप होत असतील आणि माप हेच असेल तर औषध जवळपास निम्मंच पडतंय. नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा सपाट फवारा देणारं घ्या. आणि ज्या पंपातून कधी 2,4-डी हे रुंद पानाच्या तणांचं तणनाशक मारलंय तो सोयाबीनला किंवा कपाशीला वापरूच नका, धुऊनही थोडा अंश राहिला तरी पानं वाकडी होतात, कपाशी तर त्याला फारच नाजूक.

डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, सोडू नका. प्रतिकारशक्ती आलेलं तणही डवऱ्याच्या पासेखाली (लोखंडी पात्याखाली) कापलं जातंच, फक्त ऊन बघून करा, ओल्यात उपटलेलं परत रुजतं. पहिले 30 ते 45 दिवस ओळी स्वच्छ राहिल्या की पुढे पिकाची सावलीच बाकीचं दाबते. लव्हाळ्याचं वेगळं आहे, त्याच्या गाठी जमिनीत असतात, वरून कितीही कापा परत येतो.

यावर्षी जी झाडं जगली ती बी धरायच्या आत हाताने उपटून शेताबाहेर न्या, मजूर लागले तरी चालेल. तांदुळजाच्या जातीतल्या तणाचं एक मोठं झाड लाखभर बी टाकू शकतं, आणि फवारणीतून वाचलेल्याचं बी म्हणजे पुढच्या वर्षी सगळं शेत तसलंच.

जगलेलं तण कोणतं आणि दोन्ही वेळच्या डब्यांवर घटक काय लिहिलाय ते इथे टाका, म्हणजे गट कोणता बदलायचा ते सांगता येईल.