माडावरून पडलेल्या बाबांच्या मान-खांद्याचे सहा एक्स-रे कशाला?

तुम्ही लिहिलंय की बाबा माडावरून पडले, मान आणि उजवा खांदा दुखतोय, आणि एक्स-रेवाल्याने सहा फोटो काढले. कधी 'आ' करायला लावलं, कधी डावा हात डोक्यावर घ्यायला लावला, कधी प्लेटकडे (जिच्यावर फोटो उमटतो ती) तोंड करून तिरकं उभं केलं. एकात भागलं नसतं का, की बिल फुगवायचा प्रकार?

मी रत्नागिरीकडे एक्स-रे टेक्निशियन आहे. बिल फुगवणारे असतातच, पण तुमच्या यादीत मला फुकटचा एकही फोटो दिसला नाही.

एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. पुढचं हाड, मागचं हाड, सगळं एकावर एक पडतं. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिलं की अर्धा इंच मागे सरकलेलं निघतं. म्हणून मार लागलेल्या हाडाचे कमीत कमी दोन फोटो, एकमेकांना काटकोनात.

मानेत सगळ्यात मोलाचा फोटो बाजूचा. पडलेल्या माणसाला हलवायचं नाही, गळ्यातली कॉलर काढायची नाही. तो आडवाच असताना ट्यूब, म्हणजे जिथून किरण निघतात ती, बाजूला आणून पहिला फोटो तोच घेतात. खांद्यामुळे प्लेट मानेपासून लांब राहते आणि हाडं मोठी दिसतात, म्हणून ट्यूब प्लेटपासून नेहमीच्या १०० सेंटीमीटरऐवजी जमेल तिथे १८० सेंटीमीटरवर नेतात. मानेचे सातही मणके आणि सातव्याचा छातीच्या पहिल्या मणक्याशी असलेला सांधा दिसला पाहिजे. नेमके तिथेच खांदे आडवे येतात. आमच्याकडे रापण ओढणारे, वल्ही मारणारे बाप्ये येतात, त्यांच्या फोटोत पाचव्या-सहाव्या मणक्याखाली सगळं पांढरं. साधी मानदुखी असेल तर श्वास सोडून खांदे खाली टाकायला सांगतो, हातात वजनं देतो. पडलेल्या माणसाला वजनं द्यायची नाहीत. मग एक हात डोक्यावर, दुसरा खाली, म्हणजे दोन खांदे एकमेकांवरून सरकतात आणि मधल्या फटीत सातवा मणका सापडतो. याला स्विमर्स व्ह्यू म्हणतात. बाबांचा डावा हात वर घेतला तो यासाठी. दुखरा उजवा खालीच ठेवला, म्हणजे काढणारा माणूस जाणता होता. मार जबर असेल तर आता बहुतेक ठिकाणी या खटाटोपात न पडता थेट सीटीच करतात.

'आ' करायला लावतात ते पहिल्या दोन मणक्यांसाठी. समोरून ते जबडा आणि दातांमागे दडलेले असतात. वरच्या दातांची कड आणि कवटीचा खालचा काठ एका रेषेत आला की उघड्या तोंडातून दुसऱ्या मणक्याचा सुळका स्वच्छ दिसतो. गंमत अशी की 'आ करा' म्हटलं की माणूस हनुवटीही वर करतो, आणि कवटी त्या सुळक्यावर येऊन बसते. हनुवटी खाली राहिली तर दात आड येतात. कवळी काढावीच लागते, आणि तिथे आजोबा लोक जाम हट्ट करतात.

आता खांदा. फऱ्याचं हाड बरगड्यांवर तिरकं टेकलेलं असतं, त्यामुळे खांद्याची वाटी सरळ बाजूला न बघता पुढच्या अंगाला वळलेली असते. साध्या समोरच्या फोटोत दंडाचा गोळा वाटीवर चढलेला दिसतो. मधली फट बघायची तर माणसाला दुखऱ्या बाजूला ३५ ते ४५ अंश वळवावं लागतं. प्लेटकडे तोंड करून तिरकं उभं केलं तो वाय व्ह्यू. त्यात फरा बेचक्यासारखा दिसतो. गोळा बेचक्याच्या सांध्यावर असला तर खांदा जागेवर. पुढे सरकला, तर नेहमीचा निखळलेला खांदा. मागे सरकलेला क्वचितच मिळतो, पण तोच फसवतो, कारण समोरच्या फोटोत जवळजवळ ठीकच दिसतो. फिट आलेल्या किंवा वाडीतल्या पंपाचा शॉक बसलेल्या माणसाचा खांदा दुखत असेल तर हा फोटो मी टाळू देत नाही.

किरणांची धास्ती म्हणाल, तर खांद्याला अगदी थोडे लागतात, मानेलाही कमीच. कमरेला त्या मानाने बरेच जास्त. आंब्याच्या सीझनमध्ये पेट्या उचलून कंबर धरलेली पोरं 'फोटो काढाच' म्हणून हटून बसतात. पाय बधिर नाही, ताप नाही, पडलेला नाही, तर पहिले काही आठवडे त्या फोटोतून बहुधा काहीच हाती लागत नाही. फुकटचा फोटो म्हणायचा तर तो.

बाबांच्या बाबतीत डॉक्टरांना एवढंच विचारा: बाजूच्या फोटोत किंवा स्विमर्समध्ये सातव्या मणक्याखालचा सांधा दिसला का? फोटो स्वच्छ असूनही हाताला मुंग्या आल्या, पकड ढिली पडली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी परत न्या. स्नायू आणि त्यांचे दोर एक्स-रेत दिसत नाहीत. दोन आठवड्यांनी दुखणं ओसरूनही हात वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआयचं विचारा. आणि मानेला धोका नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत कोणाकडून चोळून घेऊ नका, गावात कितीही नावाजलेला हाडवैद्य असला तरी.