थॉर्पची वही

प्रश्न : जॉन थॉर्प या इंग्रज नकाशाकाराच्या वहीत त्याच्या काळातल्या कितीतरी वाड्यांचे नकाशे आहेत. हे सगळे वाडे त्यानेच उभारले, असे एका जुन्या पुस्तकात वाचले. खरे का? शिवाय १५७० साली कर्बी हॉल या वाड्याचा पहिला दगड आपण बसवला असे तो लिहितो, आणि जन्म तर १५६५च्या सुमाराचा!

उत्तर : दगडाचे कोडे सोपे आहे. थॉर्पचे घराणे नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पाथरवटांचे. पाच वर्षांच्या पोराचा हात लावून बापाने मुहूर्त केला असणार. पोराने ते आयुष्यभर लक्षात ठेवले आणि कर्बीच्या नकाशावर लिहूनही ठेवले.

वहीची गंमत वेगळी. मी तीस वर्षे ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढली. त्यातला निम्मा वेळ उभ्या इमारतींची मापे घेऊन त्या कागदावर उतरवण्यात गेला. कोपऱ्यात सही माझी, इमारत दुसऱ्याची. उद्या कुणी त्या सगळ्या माझ्या नावावर चढवल्या तर मी सुखावेन, पण ते खोटेच. थॉर्पचे नेमके हेच झाले. १७८० साली होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने वहीकडे लोकांचे लक्ष वेधले आणि मग दिसेल तो वाडा थॉर्पचा! पाने नीट उलटली असती तर लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधले सातव्या हेन्री राजाचे चॅपल दिसले असते. त्याचे काम १५०३ साली सुरू झालेले, म्हणजे थॉर्प जन्मायच्या साठेक वर्षे आधी. वोलॅटन हॉल हा वाडाही वहीत आहे. तो रॉबर्ट स्मिथसन या दुसऱ्या वास्तुकाराचा.

थॉर्प १५८३ ते १६०१ राणी पहिल्या एलिझाबेथच्या बांधकाम खात्यात कारकून होता, पुढे जमिनींचा मोजणीदार झाला. अशा माणसाला दिसेल ते घर मोजायची खोडच लागते. १९६६ साली वास्तुकलेचा इतिहासकार जॉन समरसनने वही संपादून छापली, तेव्हा कुठे मोजलेले आणि रचलेले यांची नीट निवड झाली. मूळ वही लंडनच्या सोन संग्रहालयात आहे.

एक पान मात्र शंभर टक्के त्याचे. आय आणि टी या अक्षरांच्या आकाराचे घर! (तेव्हा जे आणि आय एकच मानत, म्हणजे ही त्याचीच आद्याक्षरे.) आयमध्ये स्वयंपाकघर वगैरे कामाच्या खोल्या, टीमध्ये राहणे. ही जोडलेली अक्षरे म्हणजे माझे राहते घर, असे त्याने यमक जुळवून लिहिलेही आहे. माझ्यातला ड्राफ्ट्समन एवढेच म्हणेल, की आयमधून टीपर्यंत येईतो जेवण गार झाले असते.