कॉर्डिसेप्स घेण्याआधी

आपण पुरुषांच्या लैंगिक आरोग्यासाठी कॉर्डिसेप्स या औषधी बुरशीची विचारणा केलीत, म्हणून आधी डॉक्टरांकडून रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, असे आग्रहाने सांगतो; कारण लिंगाच्या ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

तिबेटच्या पठारावर पतंगाच्या अळीवर वाढणारी ही बुरशी उत्तराखंडात कीडा जडी म्हणून ओळखली जाते. चिनी वैद्य ती ‘मूत्रपिंडाचे यांग’ (म्हणजे ऊब व जोम देणारी शक्ती) वाढवण्यासाठी देतात. मात्र तेथे मूत्रपिंड म्हणजे केवळ अवयव नव्हे, तर प्रजननशक्तीचे मूळ होय. नवखे लोक नेमके येथेच चुकतात आणि तिला तासाभरात परिणाम करणारी गोळी समजतात. माणसांवरील भक्कम पुरावा अजून तोकडा आहे.

दुसरी चूक खरेदीतली. रानातील कीडा जडी अतिशय महाग असल्याने वजन वाढवण्यासाठी तिच्यात धातूची तार खुपसली जाते, शिवाय २०१६ मध्ये चीनच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्यातील विषारी आर्सेनिकबद्दल इशारा दिला होता. म्हणून कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही लागवडीची जातच घ्या आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. ‘तत्काळ ताकद’ देणाऱ्या पुड्यांपासून मात्र दूरच राहा. त्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मिसळलेले आढळते आणि हृदयविकारावरील नायट्रेटची औषधे घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका घसरू शकतो.