साडूंची जुनी गाडी की ८४ हप्ते?

उचगावहून एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवलंय. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत ते सुपरवायझर आहेत, पगार हातात ३८ हजार येतो. वहिनी घरी शिलाईकाम करतात, त्यातून महिन्याला साधारण ९ हजार. मुलगी नववीत. घरखर्च, क्लास, विम्याचे हप्ते, आई-वडिलांची औषधं जाऊन १०,७०० रुपये उरतात, त्यातले ३ हजार एसआयपीत जातात. बँकेत २ लाख ६० हजारांची एफडी आहे आणि मार्चमध्ये १ लाख २० हजारांची भिशी उचलायची आहे.

आई-वडील गारगोटीच्या पुढच्या गावात राहतात, घरापासून ६० किलोमीटरवर. वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापुरात आणावं लागतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या वर्षी भाड्याच्या गाड्यांवर ४१ हजार गेले, ते बोनसमधून भागवले.

आता दोन पर्याय समोर आहेत. एक, नवी वॅगन-आर सीएनजी: ऑन-रोड म्हणजे नोंदणी-विम्यासकट ७ लाख २८ हजार, दीड लाख रोख आणि उरलेलं सात वर्षांचं कर्ज. दुसरा, कुरुंदवाडच्या साडूंची २०१९ची पेट्रोल वॅगन-आर, ५२ हजार किलोमीटर चाललेली, ते ३ लाख १० हजार म्हणतात. 'चार गाडीमालकांना विचारलं,' ते लिहितात, 'चौघांनी चार उत्तरं दिली, पण सीएनजीवाला मित्र इतका खूश आहे की माझा कल तिकडेच आहे.'

नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'आईचा पाय एसटीच्या पायरीपर्यंत वर येत नाही.' त्यामुळे गाडी घ्यावी की नाही या प्रश्नात मी वेळ घालवत नाही. नुसता हिशेब मांडला तर वर्षाला ४१ हजारांचं भाडं कुठल्याही गाडीपेक्षा स्वस्तच पडेल. पण रात्री दोन वाजता गावाकडून फोन आला की भाड्याची गाडी शोधत बसावं लागतं, आणि ती धास्ती काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी घ्या. कोणती आणि कशाच्या जोरावर, एवढंच बघू.

आधी त्या चार मालकांबद्दल. चौघंही खरंच बोलताहेत, पण प्रत्येक जण स्वतःच्या रस्त्याबद्दल बोलतोय. तुमचा सीएनजीवाला मित्र महिन्याला १,६०० किलोमीटर गाडी चालवतो. तुम्ही फाउंड्रीत मोटारसायकलनेच जाणार, गाडी फक्त गावासाठी, दवाखान्यासाठी आणि सणासुदीला. तुम्ही दिलेल्या फेऱ्या मी जोडल्या: वडिलांना आणायचं आणि परत सोडायचं मिळून २४० किलोमीटर, आणखी एक फेरी १२०, बाकी गावातलं फिरणं. महिन्याला ५०० किलोमीटर.

पेट्रोल लिटरला १०५ आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरू; तुमच्या पंपावरचा दर वेगळा असेल तर तो घाला. रोजच्या वापरात पेट्रोलवर १७-१८ किलोमीटर पडतात आणि मित्र सांगतो तसे सीएनजीवर २६. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ६ रुपये आणि सीएनजीचे साडेतीन. फरक अडीच रुपयांचा. तुमच्याच कोटेशनप्रमाणे सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा ८६ हजारांनी महाग आहे. मित्राचे हे ८६ हजार पावणेदोन वर्षांत वसूल होतात. तुम्हाला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील, तेही त्या ८६ हजारांवरचं व्याज न धरता. त्याला गाडी परवडते कारण तो ती पळवतो. तुमची आठवड्यातले पाच दिवस दारात उभी राहणार.

आणखी एक गोष्ट मित्राने सांगितली नसेल, कारण त्याला ती अडचण नाही. सीएनजीची टाकी डिकीत बसते. तुमच्या डिकीत आईंचा वॉकर जायचा आहे, आणि गावाहून परत येताना तांदळाचं पोतं असतंच. शिवाय त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. टियागोवाले शेजारी म्हणतात गाडी रस्त्याला धरून चालते, ते बरोबर आहे. अल्टोवाला चुलतभाऊ म्हणतो देखभालीला काहीच लागत नाही, तेही बरोबर. पण गुडघा न वाकणाऱ्या माणसाला अल्टोच्या सीटवर खाली बसवायचं आणि परत उठवायचं म्हणजे दोन माणसं लागतात. वॅगन-आरचं दार उंच आणि सीटही उंच, त्यामुळे माणूस खुर्चीवर टेकावं तसा टेकतो. तुमची मॉडेलची निवड मला पटली, ती या एका कारणासाठी.

आता कर्ज. साधारण ५ लाख ८० हजार, ९ टक्के व्याजाने सात वर्षं धरली तर हप्ता ९,३३२ रुपये येतो. सात वर्षांत जवळजवळ ७ लाख ८४ हजार भराल, म्हणजे नुसतं व्याज २ लाखांच्या वर. त्यात महिन्याचा गॅस १,७३० आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे महिन्याला किमान २,३०० धरा. एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. तुमच्याकडे एसआयपी बंद करूनही १०,७०० च आहेत. वहिनींच्या शिलाईला लग्नसराईत दुप्पट काम येतं असं तुम्ही लिहिलंय, पण पावसाळ्यात ते निम्मं होतं हेही तुम्हीच लिहिलंय. हप्ता मात्र बारा महिने सारखाच कापला जातो.

या सात वर्षांत घरात काय काय व्हायचंय तेही मांडून बघा. मुलगी आज नववीत. दोन वर्षांनी अकरावी आणि क्लासची फी. शेवटचा हप्ता भराल तेव्हा ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल. तिच्या शिक्षणाची सगळी वर्षं या एका हप्त्याखाली जातील. 'बोनस आला की मध्ये फेडून टाकू' असं तुम्ही म्हणता, पण वाहनकर्ज अनेक ठिकाणी ठरावीक व्याजदराचं असतं आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लागू शकतो. मंजुरीपत्रातला तो रकाना आधी वाचा.

अजून एक आकडा सांगतो, कारण आपण कोल्हापूरची माणसं पुराचा विचार केल्याशिवाय गाडी घेऊ शकत नाही. विम्यात गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही दरवर्षी घटते. दुसऱ्या वर्षात ती शोरूमच्या किमतीतून २० टक्के वजा होऊन येते. तुमच्या गाडीची शोरूमची किंमत ६ लाख ४२ हजार, तिची ५ लाख १४ हजार. त्याच वेळी तुमचं कर्ज बाकी असेल ५ लाख १८ हजार. म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यात गाडी पूर्ण गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला जातील, वर चार हजार तुम्हीच भराल, आणि तुमचे दीड लाख गेले ते गेलेच.

शोरूमवाले म्हणतात जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला हे खरं आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. पण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. साडूंनी ३ लाख १० हजार कोणत्या भावावरून धरले, हे मोकळेपणाने विचारा. माझ्या मते २ लाख ८० हजारांवर यायला हवं, आणि हा आकडा मी तुमच्या खिशावरूनही काढलाय: एफडीतले १ लाख ६० हजार आत्ता आणि भिशीचे १ लाख २० हजार मार्चमध्ये. कर्ज शून्य. एफडीतला उरलेला १ लाख कुठल्याही कारणाने मोडायचा नाही. तो तुमच्या घराचा तीन महिन्यांचा खर्चसुद्धा पुरता नाही, मला खरं तर सहा महिन्यांचा हवा असतो. पेट्रोल ३ हजार आणि बाकी देखभाल-विमा २ हजार धरला, तर एसआयपी चालू ठेवून महिन्याला २,७०० उरतात. ते आरडीत टाका आणि हा एक लाख वाढवत न्या.

पण साडूंची गाडी घ्या, असं मी अजून म्हटलेलं नाही. ती २०१९ची आहे आणि कुरुंदवाडची आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत शिरोळ तालुक्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. दोन्ही वेळा गाडी कुठे उभी होती, हा हवा. साडू खोटं बोलतील असं मला सुचवायचं नाही. पाहुण्यांकडे हलवली होती असं सांगतील आणि ते खरंही असेल. तरी बघून घ्या.

कसं बघायचं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाबरोबर मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. बाहेरून चकाचक, आत नवे सीट कव्हर. मेस्त्रीने काही न बोलता मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पिवळट गाळाची रेघ होती. धुणाऱ्याने बाहेर दिसणारा पट्टा धुतला होता, गुंडाळीतला तसाच राहिला होता. मग त्याने स्टेपनी काढली आणि खालच्या खोलगट जागेत बोट फिरवलं, तर बोटाला वाळलेली माती लागली. आम्ही चहा घेऊन परत आलो. तुम्हीही हेच करा: चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा, पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, हेडलाइटच्या काचेत आतून धुकं धरलंय का बघा. विम्यातून कधी मोठा क्लेम घेतलाय का तेही विचारा. आणि मेस्त्री तुमचा न्या, त्यांचा नको. नात्यात व्यवहार असला की आपण बॉनेट उघडायलाही लाजतो, आणि पुढे दहा वर्षं दिवाळीला एकमेकांसमोर मान खाली घालून बसतो. आत्ता उघडलेलं बॉनेट नातं टिकवतं.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो; '३२२०' म्हणजे २०२० सालचा ३२वा आठवडा. टायर पहिलेच असतील तर चारही बदलावे लागणार, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असल्याने ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. मायलेज थोडं कमी पडेल आणि इंधनाच्या रबरी नळ्या मेस्त्रीकडून तपासून घ्या.

जुन्या गाडीविरुद्ध एकच मुद्दा मला खरोखर जड वाटतो, तो सुरक्षिततेचा. नव्या वॅगन-आरला सहा एअरबॅग येतात. २०१९ च्या खालच्या मॉडेलमध्ये ड्रायव्हरपुरतीच एअरबॅग असायची, आणि दोन एअरबॅगच्या वॅगन-आरलाही ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये पाचपैकी एकच तारा दिला होता. साडूंच्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग नसतील तर ती कितीही स्वच्छ असली तरी घेऊ नका. आई पुढच्याच सीटवर बसणार आहेत. असतील, तर महिन्याला ५०० किलोमीटर, तेही दिवसा आणि बेताच्या वेगाने, एवढ्यावर मी ही तडजोड तुमच्यासाठी मान्य करतो. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, गावातल्या गावातसुद्धा.

व्यवहार बँकेतून करा आणि दोन टप्प्यांत पैसे देणार हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. आरसी मात्र पहिल्याच टप्प्याला तुमच्या नावावर करून घ्या: मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि साडूंनी गाडीवर कधी कर्ज घेतलं असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर यायला हवा. साडूंचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून तुमचा हप्ता त्यांच्यापेक्षा जास्त दिसेल, दचकू नका. त्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर विचारून घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. नोंदणी २०३४ पर्यंत आहे, तोवर मुलगी कमावती झालेली असेल.

पट्ट्यावर गाळ निघाला, तर मार्चपर्यंत भाड्याचीच गाडी वापरा आणि भिशी हातात आल्यावर याच रकमेत दुसरी पेट्रोल गाडी शोधू; मला पुन्हा लिहा, कागद मी बघून देईन. पट्टा स्वच्छ निघाला, तर पैसे द्यायच्या आधी गाडी एक दिवसासाठी मागून घ्या आणि गारगोटीला न्या. आईंना पुढच्या सीटवर बसवा, दार लावा, मग दार उघडून त्यांना कुणाच्या आधाराशिवाय उतरता येतंय का ते बघा.