सुरुवात एकाच प्रथिनापासून कर

जनुकातल्या एका बदलाने प्रथिनाची रचना कशी बिघडते, हे घरबसल्या शिकायचंय ना? मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडवत नाहीच, तेवढा वेळ सुरुवातीला पुरतो. साधा लॅपटॉप चालेल, प्रोटीन डेटा बँक (प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा ऑनलाइन साठा) फुकट आहे. दहा जनुकांमागे धावू नकोस, ट्रान्सथायरेटिन हे रक्तातलं एक प्रथिन धर: 127 अमिनो आम्लांच्या चार सारख्या साखळ्या. तिसाव्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आलं की चौकडी सैल होते, सुट्या साखळ्यांची घडी बिघडते, त्यांचे तंतू नसांत (मज्जातंतूंत) साचतात.

नवखे इथे अडकतात:
- डेटा बँकेतल्या फाइलमध्ये बहुधा दोनच साखळ्या दिसतात. ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ (प्रथिनाची पूर्ण जुळणी) उघड, चारही दिसतील.
- जुन्या लेखातली 30वी जागा म्हणजेच नव्या जनुक-चाचणी रिपोर्टातली 50वी; सुरुवातीचा 20 अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिन तयार होताना कापला जाणारा तुकडा) आता मोजतात.

अल्फाफोल्ड (प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम) सध्या राहू दे. घरच्या कुणाचा रिपोर्ट असेल तर मात्र चित्रावरून अंदाज बांधू नकोस, जेनेटिक काउन्सेलरला दाखव.